‘सुशोभीकरण’ आणि ‘राखण’ : भोर-वेल्ह्याच्या देवरायांवरून उद्यानरचनेचा विचार

शासकीय कागदपत्रांत, ग्रामपंचायतींच्या ठरावांत आणि देवस्थानांच्या पावतीपुस्तकांत गेल्या काही दशकांत एक शब्द चांगलाच स्थिरावला आहे : सुशोभीकरण. तळ्याचे सुशोभीकरण होते, चौकाचे होते आणि अलीकडे देवराईचेही होते. शब्दाची घडण तशी सैलच आहे. ‘सुशोभन’ हा सरळ शब्द हाताशी असता ह्या जोडकामाची गरज नव्हती. परंतु ज्या प्रत्ययावर तो बेतला आहे, त्याचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात (५.४.५०) सांगितलेला ‘च्वि’ हा प्रत्यय अभूततद्भाव दाखवितो, म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते, ते तसे होणे किंवा करणे. घनीकरण होते ते घन नसलेल्या पदार्थाचे. शुद्धीकरण होते ते अशुद्ध वस्तूचे. तद्वत ज्याचे सुशोभीकरण करावयाचे, ते स्थान आधी शोभिवंत नव्हते असे व्याकरणच मुकाट्याने गृहीत धरते. निविदा निघण्यापूर्वीच निवाडा झालेला असतो.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत वसलेले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके ह्या निवाड्याची परीक्षा घेण्यास फार सोयीचे आहेत. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, येथे सोयीसाठी जुनेच नाव वापरले आहे.) वेळवंडी, नीरा, गुंजवणी, कानंदी, मोसे आणि अंबी ह्या नद्यांची ही खोरी. पश्चिमेस घाटमाथ्यावर धुवांधार पाऊस आणि तेथून पूर्वेकडे जावे तसतसा तो झपाट्याने ओसरत जातो. त्यामुळे थोड्याच अंतरात सदाहरित वृक्षांची दाटी, पानगळीचे रान आणि गवताळ माळ असे तिन्ही प्रकार पाहावयास मिळतात. उद्यानात सौंदर्य किती साधावे आणि निसर्गचक्रातील उपयोग किती साधावा, हा प्रश्न आज वास्तुरचनाकार व वनस्पतिशास्त्रज्ञ मोठ्या हिरिरीने चर्चितात. ह्या खोऱ्यांत तो प्रश्न निराळ्या शब्दांत फार पूर्वी सोडविला गेला होता. कोणत्या शब्दांत, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाला अगत्याचे आहे.

हिरव्या जागेसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. ‘बाग’ आणि त्याचे लघुरूप ‘बगीचा’ फारसीतून आले. पेशवाईतील पुण्याने त्यांना वैभव दिले : हिराबाग, सारसबाग, बेलबाग, तुळशीबाग. त्यांपैकी तुळशीबागेत आज तुळस शोधणाऱ्याला बाजार सापडतो. झाड जाते आणि नाव राहते, हा नामशास्त्रातला नेहमीचाच अनुभव. ‘उद्यान’ संस्कृत असून त्याच्या पोटात ‘बाहेर जाणे’ ही कल्पना आहे. ‘आराम’ हाही संस्कृतात रमण्याच्या वनाचा वाचक; मराठीत रुळलेला विश्रांतिवाचक ‘आराम’ मात्र फारसीतून आलेला निराळाच शब्द होय. ‘उपवन’ म्हणजे वनाची धाकटी जागा. हे सारे शब्द मनुष्याच्या सुखाभोवती फिरतात.

‘राई’ हा शब्द त्यांच्या पंक्तीत बसत नाही. ‘आमराई’ची सांगड संस्कृत ‘आम्रराजि’शी घालतात. राजि म्हणजे ओळ. गंमत अशी की देवराईत ओळ म्हणून शोधूनही सापडावयाची नाही. मूळ अर्थ झिजून गेला आणि दाटी तेवढी उरली. कोकणात ह्याच संस्थेला ‘देवरहाटी’ म्हणतात, आणि ‘राहाटी’ म्हणजे वागण्याची रीत. एका बाजूला झाडांचा समूह आणि दुसऱ्या बाजूला माणसांची रीत, अशी दोन टोके एकाच गोष्टीला दोन प्रदेशांनी दिली. त्यांत कोकणचे नाव अधिक नेमके आहे असे म्हणावयास हवे. कारण देवराई टिकते ती झाडांच्या बळावर नव्हे, रीतीच्या बळावर.

नामांपेक्षाही क्रियापदे अधिक बोलकी असतात. बाग लावतात, फुलवितात, शिंपतात. मळा पिकवितात. देवराई मात्र ‘राखली’ जाते. ‘राखणे’ हे क्रियापद कर्त्याकडून कृतीपेक्षा निग्रहाची अपेक्षा करते. गावाचा देव ‘राखणदार’, त्याला दिलेला मान ‘राखण’ आणि त्याच्या भोवतालचे रान ‘राखीव’. एकाच धातूच्या ह्या कुटुंबात तोडणे, लावणे, छाटणे ह्यांपैकी एकही क्रिया येत नाही. गेल्या काही वर्षांत ‘देवराई लावणे’, ‘देवराई उभारणे’ असे प्रयोग वृत्तपत्रांत सर्रास दिसू लागले आहेत. शब्दाच्या अर्थात होत असलेला हा बदल लहान नाही. राखण्याची गोष्ट लावण्याची झाली की तिला आरंभाची तारीख, समारंभ आणि छायाचित्र मिळते. पुढच्या शंभर वर्षांच्या निग्रहाला छायाचित्र नसते.

ह्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात रीतसर सुरू झाला तो १९७० नंतर. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक माधव गाडगीळ ह्यांनी १९७३ मध्ये ‘देवरहाटी’ ह्याच नावाने एक निबंध सादर केला, १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक देवरायांची सूची दिली. सह्याद्रीच्या ज्या पट्ट्यात त्यांची पायपीट झाली, त्यात वेल्ह्याची खोरीही होती. अंबी नदीवर पानशेतचे धरण होत असतानाचा काळ (१२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे सर्वश्रुतच आहे) ह्या खोऱ्यांतील रानाला फार जड गेला. धरणाबरोबर रस्ते आले, रस्त्यांबरोबर कोळशाचे व्यापारी आले, आणि जमिनी बुडणार म्हणून हवालदिल झालेल्या कुटुंबांकडून उभी झाडे कवडीमोलाने उचलली गेली. डोंगर उघडे पडले, तेव्हा मधूनमधून काळपट हिरवे ठिपके तेवढे राहिले. ते देवरायांचे ठिपके.

त्यांच्या आत काय आहे? देवतेचे रूप बहुधा साधे : शेंदूर फासलेले तांदळे, एखादी झिजलेली मूर्ती, कडेला वीरगळ. शिरकोलीची शिरकाई, वेल्ह्याची मेंगाई ही नावे प्रसिद्ध आहेत. बाकी गावोगाव काळुबाई, वाघजाई, जननी, भैरव. अनेक ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही अशी समजूत होती आणि छप्पर नसल्याने वरच्या फांद्यांना कोणाची अडचण होत नव्हती. सभोवार जांभूळ, आंबा, हिरडा, बेहडा, अंजन, पिसा, उंबर. त्यांच्या खाली सावलीत वाढणारी लहान झाडे आणि झुडपे. त्यांना लपेटून माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली. आणि सर्वांच्या खाली पाचोळा. वैशाखात बाहेरचा डोंगर तापून निघालेला असताना राईच्या आत भर दुपारी कातरवेळेसारखा उजेड असतो. सौंदर्याची ही जात फुलांच्या ताटव्याची नाही. ती गारव्याची, खोलीची आणि किंचित भीतीचीही आहे. तिला ‘शोभा’ म्हणावयास जीभ कचरते, म्हणून की काय, ठराव लिहिणाऱ्याला ती दिसत नाही.

पाचोळ्यापाशी थोडे थांबले पाहिजे. रानात गळलेले पान हा पाचोळा. तेच पान बागेत पडले की कचरा. वस्तू एक आणि नावे दोन. आणि नाव बदलताच हाती झाडू येतो. भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याकडे त्याच पानाला तिसरेही नाव आहे : राब. भाताचा तरवा टाकण्यापूर्वी जमीन भाजावयाची, त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या सवळून, पाने व शेण पसरून राब रचावयाचा, ही ह्या मुलखाची जुनी पद्धत. पानाला इतकी मागणी असलेल्या प्रदेशात ‘देवीच्या राईतले वाळले पानही उचलावयाचे नाही’ हा नियम भाबडा मुळीच नव्हता. तो महाग होता. गाव दरसाल त्याची किंमत मोजत होते.

त्या किमतीचा मोबदला पाण्याच्या रूपाने मिळे. सह्याद्रीचा खडक लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे. सच्छिद्र आणि घट्ट थर एकावर एक असतात आणि जेथे मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरापाशी अडते, तेथे उतारावर झरा फुटतो. अनेक देवराया अशा झऱ्यांच्या किंवा ओढ्यांच्या उगमापाशी आहेत. वरच्या पानांनी पावसाचा मार अडवावा, पाचोळ्याने पाणी शोषून धरावे, किडामुंगी आणि बुरशीने मातीत वाटा पाडाव्या आणि पाणी सावकाश खाली जावे, असा हा व्यवहार. झाडू फिरला की पहिल्या पावसात मातीचा वरचा पापुद्रा वाहून जातो, पायाखाली जमीन घट्ट होते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. वर हिरवी झाडे तशीच दिसतात; नवी रोपे मात्र उगवत नाहीत. झाडू फिरविणाऱ्याला ते कळावयास एक पिढी जावी लागते.

सुशोभीकरणाचा क्रम आता बहुतेक ठिकाणी सारखाच झाला आहे. प्रथम जीर्णोद्धार, छप्पर नको म्हणणाऱ्या देवीला सिमेंटचे शिखर मिळते. मग सभामंडप, मग गाडी देवळापाशी नेणारा रस्ता, मग फरशी, मग ‘झाडी साफ’ करून भोवती रंगीत कुंपण, आणि शेवटी, झाडे कमी झाली असे वाटून, वृक्षारोपण. ह्यात कोणाचा दुष्टावा नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. गाव सोडून पुण्या-मुंबईस गेलेली मंडळी भक्तीने वर्गणी पाठवितात आणि आपल्या दैवताला शहरातल्या दैवतासारखे वैभव यावे असे त्यांना मनापासून वाटते. चूक आहे ती सौंदर्याच्या नमुन्याची निवड करण्यात. दुसरीकडे पानशेत, वरसगाव आणि भाटघर ह्या जलाशयांच्या काठी सपाट केलेल्या भूखंडांवर हिरवळ, बाटलीच्या आकाराचे पाम आणि कारंजी येत आहेत. एरवी ह्या दोहोंत काही साम्य नाही. पण रोपे दोन्हीकडे बहुधा एकाच प्रकारच्या रोपवाटिकेतून येतात.

शोभेसाठी आणलेल्या वनस्पतींचा इतिहास मराठीने आपल्या पद्धतीने नोंदवून ठेवला आहे. अमेरिकेतील एक रंगीत फुलांचे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागांसाठी भारतात आले. वनस्पतिशास्त्रात ते लँटाना; मराठीत त्याचे नाव पडले ‘घाणेरी’ किंवा ‘टणटणी’. त्याच शतकात तशाच हौसेने आलेल्या दुसऱ्या एका झुडपाला सह्याद्रीच्या लोकांनी ‘रानमोडी’ म्हटले, रान मोडणारी. ह्या नावात निदान आहे आणि तक्रारही आहे. पाण्यावरची ‘जलपर्णी’ हीदेखील निळ्याजांभळ्या फुलांच्या मोहाने बंगालमार्गे देशात शिरली. तिला मात्र गोड नाव मिळाले आणि त्यामुळे तिची खोड थोडी झाकली गेली. (पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम ध्यानात आलेले ‘काँग्रेस गवत’ ह्या पंक्तीतले नव्हे, ते कोणी शोभेसाठी आणले नव्हते.) बागेच्या कुंपणाआड सौंदर्य म्हणून आलेली वस्तू कुंपणाबाहेर काय करते, ह्याची नोंद ज्यांना तिच्यातून वाट काढावी लागली त्यांनीच केली.

याउलट कधीकधी एक नाव दोन झाडांना चिकटते आणि घोटाळा होतो. उद्यानाच्या आराखड्यात ‘अशोक’ लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात येतो तो उंच, सरळ, खाली झुकलेल्या पानांचा हिरवा अशोक. मूळ अशोक, ज्याला लोक आता मुद्दाम ‘सीताअशोक’ म्हणतात, तो निराळ्याच कुळातला : ओढ्याकाठच्या गर्द सावलीत वाढणारा, खोडाफांद्यांवरच केशरी-लाल फुलांचे गुच्छ धरणारा, सह्याद्रीचा रहिवासी. मूळ धन्यालाच ओळखीसाठी विशेषण लावावे लागावे, ही शब्दार्थाच्या इतिहासातील मौजेची घटना खरी. परंतु तिचा परिणाम मौजेचा नाही. संस्कृत काव्यातील अशोक मनात धरून यजमान खर्च करतो आणि त्याच्या दारी भिंतीसारखी ओळ उभी राहते.

झाडांच्या नावांवरून स्थलनामांकडे वळण्याचा मोह ह्या मुलखात आवरत नाही. तोरणा किल्ल्याचे नाव तोरणीच्या झुडपांवरून पडले असे सांगतात. भोरकडील हिरडस मावळात हिरडा ऐकू येतो. अर्थात ऐकू येणे म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. तरीही एवढे खरे की, स्थानिक झाडांची नावे तोंडात असलेला समाज त्या झाडांमधून भेद करू शकतो आणि ज्याला सगळेच ‘झाडोरा’ वाटते त्याला साफसफाई सुचते. देवराईतील म्हाताऱ्या माणसाला जी चाळीस-पन्नास नावे येतात, त्यांतील त्याच्या नातवाला किती येतात, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच बोलीभाषेच्या अभ्यासाचाही विषय होऊ शकतो.

आता खुद्द उद्यानरचनेकडे. देवराई जशीच्या तशी बागेत आणता येत नाही, आणि आणूही नये. देवराईमागे धाक होता. काही ठिकाणी तेथे कोणी जावे आणि कोणी जाऊ नये ह्याचेही निर्बंध होते, आणि ते निर्बंध आज कोणी मान्य करणार नाही. शिवाय तिला अस्पर्श आदिम वन समजणे ही शहरी भाबडेपणाची दुसरी बाजू. कौल लावून देवळासाठी लाकूड घेतल्याच्या आणि पुढे तेवढी वर्षे राई भरून येऊ दिल्याच्या कथा गावोगाव आहेत. बाग ही माणसांसाठी आहे. तिच्यात मुलांनी खेळावे आणि वृद्धांनी निर्धास्त बसावे.

ह्या दोहोंमधला दुवा मराठी घरातच होता : परस. न्हाणीघराचे पाणी अळवाला आणि केळीला, पुढे कर्दळीला. कडेला शेवगा, कढीलिंब, अनंत किंवा जास्वंद. कोपऱ्यात उकिरडा आणि त्यावर आपोआप उगवलेला भोपळा. सांडपाणी मुरविणे, भाजी देणे, पूजेची फुले देणे आणि डोळ्यांना गार वाटणे ही कामे तेथे वेगवेगळी मोजली जात नसत. परसाला दर्शनी बाजू नव्हती, हे त्याचे भाग्य. घराच्या पुढच्या अंगणाला आणि मागच्या परसाला नावे वेगळी होती, तोवर रांगोळीची नीटस जागा आणि उकिरड्याची फलद्रूप जागा एकमेकींच्या आड येत नव्हत्या. आजच्या भूखंडावर घराच्या चारही बाजू दर्शनी झाल्या आहेत, आणि खरी अडचण तेथून सुरू होते. नव्या बागेला परस परत देणे, म्हणजे पाचोळा साठण्यास, पाणी मुरण्यास आणि न लावलेले उगवण्यास एक बाजू मोकळी ठेवणे, हे कोणत्याही रोपांच्या यादीपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

परदेशी उदाहरण द्यावयाचे तर जपानचे परिस्थितिविज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) ह्यांचे द्यावे लागेल. शिंतो देवळांभोवती राखलेली ‘चिंजू नो मोरी’ ही राने त्यांनी अभ्यासली आणि त्यांतील जाती घेऊन, अतिशय दाट लागवड करून थोड्या वर्षांत वन उभे करण्याची पद्धत बसविली. म्हणजे तीही देवराईचीच लेक. महाराष्ट्रात ती आता लोकप्रिय आहे. पण जपानच्या दमट हवेत शोभणारी दाटी भोरच्या पूर्व भागातील कमी पावसाच्या, पातळ मातीच्या उतारांवर जशीच्या तशी लावणे हे सुशोभीकरणाचेच दुसरे रूप झाले. रायरेश्वराच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात सोनकी, तेरडा आणि असंख्य बारीक फुलांचा जो गालिचा पसरतो, तो झाडे नसल्यामुळेच. कातळावर बोटभर माती, तिच्यात चार महिन्यांचे आयुष्य. तेथे ‘ओसाड’ म्हणून खड्डे खणून वृक्षारोपण केले, तर त्या फुलांची जागाच जाते. कारवीचे उतारही असेच : सात-आठ वर्षे नुसते हिरवे झुडूप, मग एकाच पावसाळ्याच्या शेवटी सारा डोंगर जांभळा, आणि मग मरण. असल्या सौंदर्याला वार्षिक देखभालीच्या कंत्राटात रकाना नाही.

म्हणून भोर-वेल्ह्यात बाग आखणाऱ्याने, किंवा देवराईपाशी भाविकांची सोय करणाऱ्याने, प्रथम जागा कोणत्या जातीची आहे हे पाहावे : झऱ्याची, पानगळीच्या उताराची की सड्याची. सभामंडप हवा असेल तर तो राईच्या कडेबाहेर घालता येतो. रस्ता तेथेच थांबविता येतो. शेवटची शंभर पावले अनवाणी चालण्याची रीत होतीच. आतल्या पायवाटेवर फरशीऐवजी दगड मांडले तर पाणी मुरते. झाडू वाटेपुरता ठेवावा. नवी रोपे लावावयाचीच असतील तर ती राईतल्याच बियांची असावीत. मोठ्या बियांची काही झाडे धनेशासारख्या पक्ष्यांनी दूर नेऊन टाकल्याखेरीज पसरत नाहीत, आणि तेथे माणसाने बी उचलून दोन खोरी पलीकडे नेणे हे काम खरोखर उपयोगाचे ठरते. रंग हवाच असेल तर पळस, पांगारा, बहावा आणि कुसुंबाची तांबडी पालवी ह्यांनी माघ ते ज्येष्ठ हा काळ भरून निघतो. गुलमोहोराला मादागास्करहून बोलावण्याची निकड उरत नाही. तो आलेलाच आहे आणि सुंदर आहे, हेही मान्य करावे. परंतु देवराईच्या उंबऱ्यावर त्याचे काम नाही.

सीताअशोकाची मागणी अलीकडे वाढली आहे आणि रोपवाटिकांत त्याची रोपे मिळूही लागली आहेत. त्याला पहिली काही वर्षे मोठ्या झाडाची सावली आणि पायाशी ओल लागते. जलाशयाकाठच्या भूखंडावर ते रोप पोचते तेव्हा जमीन यंत्राने सपाट झालेली असते, आणि सावली देऊ शकले असते ते जांभळाचे झाड ‘झाडी साफ करणे’ ह्या बाबीखाली आधीच गेलेले असते.